गुलाबी शहरात राखाडी भिंत

जयपूरच्या जुन्या, तटबंदीच्या आतील शहरात घराला बाहेरून कोणता रंग द्यावा, हा प्रश्न घरमालकापुढे येतच नाही. सवाई जयसिंह दुसरे यांनी १७२७ मध्ये वसवलेल्या या नगरीत दर्शनी भिंतींना गेरूच्या छटेचा गुलाबी रंग देण्याचे बंधन आहे. १८७६ मध्ये ब्रिटनचे युवराज अल्बर्ट एडवर्ड यांच्या स्वागतासाठी महाराजा सवाई रामसिंह दुसरे यांनी शहर या रंगात रंगवून घेतले, असे सांगितले जाते. २०१९ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत या शहराचा समावेश झाला. घराच्या आत मात्र निवड मालकाची असते आणि शेडकार्डवरील गडद राखाडी चौकोन अनेकांना भुरळ घालतो. भिंतीवर तो तसाच दिसेल का, हा खरा प्रश्न आहे.

ज्यात निळ्या, हिरव्या वा पिवळ्या छटेचा अंश नाही, त्या राखाडीला तटस्थ म्हणतात. तो डब्यात तयार करणेही सोपे नसते. पांढऱ्यात केवळ काळा मिसळला तर मिश्रण किंचित निळसर दिसते. ही निळाई मारण्यासाठी त्यात पिवळे किंवा तांबडे लोह ऑक्साइड थोडेसे घालतात. गेरूचा तांबडेपणाही लोह ऑक्साइडचाच. बाहेरच्या भिंतीवरील द्रव्य असे आतल्या राखाडीतही अल्प प्रमाणात उतरते.

तटस्थ रंगाला स्वतःची छटा नसल्याने तो पडणाऱ्या प्रकाशाची छटा घेतो. जुन्या शहरातील अरुंद गल्लीत खिडकीसमोर गुलाबी भिंत असेल, तर तिच्यावरून परावर्तित होऊन येणारा प्रकाश उबदार, तांबूस असतो आणि राखाडी भिंत तपकिरीकडे झुकते. मालवीयनगर किंवा मानसरोवरसारख्या नव्या वसाहतीत उत्तरेकडील खिडकीतून केवळ आकाशाचा प्रकाश येत असेल, तर त्याच डब्यातील रंग निळसर दिसतो. रात्री दिव्यांनुसार पुन्हा फरक पडतो: २,७०० केल्व्हिनच्या एलईडीखाली तो पिवळट, तर ६,५०० केल्व्हिनच्या पांढऱ्या दिव्याखाली थंड वाटतो. म्हणून दोन वेगवेगळ्या भिंतींवर सुमारे दोन फूट लांबी-रुंदीचे नमुने रंगवून ते सकाळी, दुपारी आणि दिवे लावल्यावर पाहावेत. शेडकार्डच्या इंचभर तुकड्यावर विसंबणे धोक्याचे.

दुसरा मुद्दा उजेडाचा. डोळ्यांना काळ्या-पांढऱ्याच्या मधोमध वाटणारा राखाडी रंग प्रत्यक्षात केवळ १८ ते २० टक्के प्रकाश परावर्तित करतो. छायाचित्रकारांचे राखाडी कार्ड १८ टक्क्यांचे असते, ते याच कारणाने. गडद राखाडीत हे प्रमाण १० टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहूनही खाली येते. चांगल्या पांढऱ्या रंगात ते ८० टक्क्यांहून अधिक असते. उन्हापासून बचाव म्हणून जाळ्या आणि लहान खिडक्या ठेवलेल्या जुन्या हवेलीत आधीच मोजका उजेड आत येतो. तेथे चारही भिंती गडद केल्यास भरदिवसा दिवे लावावे लागतील. एकच भिंत रंगवायची असेल तर खिडकीसमोरची निवडावी. खुद्द खिडकीची भिंत गडद केली, तर तिच्या आणि बाहेरच्या प्रखर उन्हाच्या विरोधामुळे डोळे दिपतात.

गडद रंगाने घर तापते, ही भीती आतल्या भिंतीपुरती बरीचशी अनाठायी आहे. थेट ऊन पडत नसेल तर त्या रंगाने तापमानात फारसा फरक पडत नाही. गच्ची आणि बाह्य भिंतींची गोष्ट वेगळी. मे महिन्यात पारा ४० अंशांपलीकडे जाणाऱ्या या शहरात गच्चीला पांढरा थर देणेच शहाणपणाचे.

जुन्या घरांत चुन्याचा गिलावा असतो आणि तेथे खरी अडचण येते. चुना स्वतःच इतका पांढरा असतो की त्यात काळे द्रव्य मिसळून फिकट राखाडीच मिळते. प्रमाण वाढवल्यास रंग हाताला लागू लागतो. गडद छटेसाठी इमल्शन लावले, तर भिंतीतील ओल बाहेर पडण्यास अटकाव होतो, रंगाला पोपडे धरतात आणि लोणा फुटतो. पांढऱ्या भिंतीवर तो लोणा चटकन दिसत नाही. राखाडीवर पहिल्याच पावसाळ्यानंतर उठून दिसतो. वाळवंटाकडून येणारी फिकट धूळही खडबडीत, गडद पृष्ठभागावर तशीच उमटते. म्हणून अशा घरात आधी ओलीचा बंदोबस्त करून भिंत पूर्ण सुकू द्यावी, आणि गडद राखाडी एखाद्या कोरड्या, आतील भिंतीपुरताच ठेवावा.