टॅब्लेटमधील अंगभूत मोबाइल डेटा : क्षेत्राभ्यासाच्या दृष्टीने एक विचार

क्षेत्राभ्यासासाठी टॅब्लेट घ्यावयाचा हे एकदा ठरले, की विद्यार्थ्यापुढे आणि विभागापुढेही लगेच दुसरा प्रश्न उभा राहतो. केवळ वायफायवर चालणारा टॅब्लेट घ्यावा, की स्वतःचे सिम असलेला, मोबाइलच्या जाळ्याशी थेट जोडता येणारा घ्यावा? प्रश्न दिसावयास लहान आहे. परंतु त्यात गुंतलेली रक्कम लहान नाही. मार्च २०२५ मध्ये ॲपलने जाहीर केलेल्या साध्या आयपॅडचे उदाहरण घेऊ. जाहीर झाला त्या वेळी त्याच्या १२८ गिगाबाइटच्या वायफाय आवृत्तीची भारतातील किंमत ३४,९०० रुपये होती आणि मोबाइल डेटा असलेल्या आवृत्तीची ४९,९०० रुपये. म्हणजे एका उपकरणामागे १५,००० रुपयांचा फरक. एखाद्या विभागाने सिमची सोय असलेले असे दहा टॅब्लेट घेतले तर ४,९९,००० रुपये लागतात. तेवढ्याच रकमेत वायफाय आवृत्तीचे चौदा टॅब्लेट येतात, आणि तरीही १०,४०० रुपये उरतात. सिमची सोय घेण्याचा निर्णय हा एका अर्थी चार विद्यार्थ्यांना टॅब्लेटवाचून ठेवण्याचा निर्णय होय. तेव्हा या सोयीने नेमके काय मिळते आणि काय मिळत नाही, याचा नीट विचार होणे अगत्याचे आहे.

१. सोयीचा पूर्वेतिहास

पहिला आयपॅड २०१० च्या जानेवारीत जाहीर झाला. अमेरिकेत त्याची वायफाय आवृत्ती ३ एप्रिल रोजी आणि थ्रीजी आवृत्ती ३० एप्रिल रोजी विक्रीस आली. दोहोंच्या किमतीत १३० डॉलरांचे अंतर होते. त्या काळी ही अधिक किंमत पुष्कळांना रास्त वाटावी, अशीच परिस्थिती होती. फोनवरील डेटा दुसऱ्या उपकरणास पुरविण्याची सोय तेव्हा सार्वत्रिक झालेली नव्हती. ती अँड्रॉइडच्या २.२ या आवृत्तीत मे २०१० मध्ये आली, आणि आयफोनवर वायफाय हॉटस्पॉटच्या रूपाने मार्च २०११ मध्ये. तोपर्यंत घराबाहेर टॅब्लेट चालवावयाचा तर त्यास स्वतःचे सिम हवेच, असा हिशेब होता.

भारतातील अनुभव याच्या दुसऱ्या बाजूवर प्रकाश टाकतो. ५ ऑक्टोबर २०११ रोजी विद्यार्थ्यांसाठी ‘आकाश’ हा अत्यंत स्वस्त टॅब्लेट जाहीर झाला. विद्यार्थ्यांना द्यावयाच्या आवृत्तीत वायफाय होते, मोबाइल डेटाची सोय नव्हती. ती बाजारात विकावयाच्या आवृत्तीत ठेवण्यात आली. ज्या विद्यार्थ्याच्या वसतिगृहात वा महाविद्यालयात वायफाय नाही, त्याच्या हाती असे उपकरण आले तर ते जगाशी जोडले जाण्याचा मार्गच खुंटतो. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाली, त्यानंतर मोबाइल डेटाचे दर झपाट्याने उतरले आणि हे चित्र पालटले. आज बहुतेक विद्यार्थ्यांच्या खिशातील फोन हाच एक फिरता वायफाय-स्रोत झाला आहे. म्हणून २०१० साली ज्या कारणासाठी सिमचा टॅब्लेट घेणे योग्य ठरे, ते कारण आता पुष्कळसे मावळले आहे, असे म्हणावयास हरकत नाही. आता उरलेली कारणे कोणती, ते पाहू.

२. हॉटस्पॉटने काय साधते

फोनच्या हॉटस्पॉटवरून टॅब्लेटला मिळणारा डेटा आणि टॅब्लेटच्या स्वतःच्या सिमवरून मिळणारा डेटा यांत वाचनाच्या, टपालाच्या किंवा ग्रंथालयाच्या सूची चाळण्याच्या कामापुरता जाणवण्याजोगा भेद नसतो. भेद आहे तो अन्य तीन बाबतींत.

पहिली बाब बॅटरीची. सध्याच्या फोनांच्या बॅटरीत सामान्यतः १२ ते २० वॅट-तास ऊर्जा मावते, तर साध्या आयपॅडच्या बॅटरीत सुमारे २८ वॅट-तास. हॉटस्पॉट चालू असताना फोनला दोन बिनतारी संपर्क एकाच वेळी सांभाळावे लागतात, एक मनोऱ्याशी आणि दुसरा टॅब्लेटशी. त्यात मनोरा दूर असला तर त्याच्यापर्यंत पोचण्यासाठी फोनला अधिक शक्ती खर्चावी लागते. परिणामी, ज्या लहान बॅटरीवर संकटसमयी आपली सारी भिस्त असते, तीच आधी रिकामी होते. उलट अंगभूत सिमचा भार टॅब्लेट आपल्या मोठ्या बॅटरीवर सहज वाहतो. ॲपलने साध्या आयपॅडसाठी दिलेले आकडे वायफायवर दहा तास आणि मोबाइल डेटावर नऊ तास असे आहेत. म्हणजे तोटा केवळ तासाभराचा. मात्र हा दोष दूर करण्यास १५,००० रुपयेच लागतात असे नाही. एखादी बाह्य बॅटरी पुष्कळ कमी खर्चात तेच काम करते.

दुसरी बाब वियोगाची. टॅब्लेट विभागाचा असतो, फोन मात्र ज्याचा त्याचा असतो. समजा, दोन विद्यार्थी एका गावी गेले. एकाजवळ फोन, दुसऱ्याजवळ टॅब्लेट. पहिला सरपंचांना भेटावयास गेला आणि दुसरा दोन किलोमीटरांवरील वाडीत मुलाखतीसाठी गेला. हॉटस्पॉट काही मीटरांच्या टापूत चालतो. त्यामुळे टॅब्लेटचा संपर्क तेथेच तुटतो. ज्या विद्यार्थ्याच्या फोनवर डेटाची पुरेशी तरतूद नाही, त्याच्याकडून विभागाच्या कामासाठी पदरमोड करविणे हेही उचित नव्हे. ही अडचण मात्र खरी आहे.

तिसरी बाब दुसऱ्या जाळ्याची. फोनात एका कंपनीचे सिम आणि टॅब्लेटात दुसऱ्या कंपनीचे असले, तर एकाचे जाळे जेथे पोचत नाही तेथे दुसऱ्याचे पोचण्याचा संभव असतो. परंतु दोन सिम घेणारे फोन आता सर्वत्र मिळत असल्याने हा लाभ फोनातूनही साधतो.

३. स्थाननिश्चितीचा प्रश्न

खरेदीच्या वेळी बहुधा कोणी न विचारलेला, तथापि संशोधकाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा मुद्दा येथे येतो. आयपॅडच्या वायफाय आवृत्तीत जीपीएस नसते. उपग्रहांचे संकेत घेणारा ग्राहक केवळ मोबाइल डेटा असलेल्या आवृत्तीत असतो, आणि २०१० पासून ही विभागणी तशीच चालत आली आहे. वायफाय आवृत्ती आपले स्थान सांगते ते आसपासच्या परिचित वायफाय-स्रोतांवरून अनुमानाने. पुण्याच्या वा नागपूरच्या वस्तीत हे अनुमान बरेच जुळते. पण ज्या पाड्यावर एकही वायफाय नाही, तेथे त्यास आधारच उरत नाही.

याचे महत्त्व भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यास विशेष वाटावे. ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषा-सर्वेक्षणाच्या १९०५ साली प्रसिद्ध झालेल्या सातव्या खंडात मराठीच्या बोलींचे नमुने आहेत. त्यांची ओळख प्रायः जिल्ह्याच्या नावाने होते. आज बोलीच्या सीमारेषा नकाशावर आखावयाच्या तर जिल्हा पुरत नाही. नमुना कोणत्या वाडीतला, हे अक्षांश-रेखांशांसह नोंदवावे लागते. फोनसारख्या उपकरणातील ग्राहक उघड्या आकाशाखाली सुमारे ५ मीटरांपर्यंत अचूक स्थान देतो. खोल दरीत किंवा दाट झाडीत ही अचूकता घटते. भूगोल, पुरातत्त्व आणि वनस्पतिशास्त्र यांच्या अभ्यासकांची गरजही अशीच आहे.

येथे एक गैरसमज दूर करणे इष्ट होईल. उपग्रहांवरून स्थान मिळविण्यास सिमची गरज नसते, मोबाइलच्या जाळ्याचीही नसते. जाळ्याचा उपयोग होतो तो केवळ आरंभ त्वरेने व्हावा म्हणून. जीपीएसच्या उपग्रहाकडून येणारा संदेश सेकंदास ५० बिट इतक्या मंद गतीने येतो. स्वतःच्या कक्षेची माहिती तो दर ३० सेकंदांनी पुनः पुनः सांगतो, आणि सर्व उपग्रहांची स्थूल सूची पूर्ण येण्यास साडेबारा मिनिटे लागतात. हीच माहिती मोबाइलच्या जाळ्यावरून क्षणात मिळते. जाळे नसेल तर थोडे थांबावे लागते, एवढेच. तेव्हा आयपॅडच्या बाबतीत अधिक किंमत देऊन आपण घेतो ते प्रत्यक्षात दोन वस्तूंचे गाठोडे होय. त्यांतील जीपीएस ही वस्तू सिम कधीही न घालता वापरता येते. शिवाय केवळ वायफायच्या अनेक अँड्रॉइड टॅब्लेटांत जीपीएस असतेच, आणि ब्लूटूथने जोडावयाचे स्वतंत्र ग्राहकही मिळतात. खरेदीपूर्वी त्या विशिष्ट आवृत्तीचे तपशील पाहावे.

४. जेथे जाळेच नाही

सिम म्हणजे जाळे नव्हे. सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर किंवा सातपुड्याच्या खोऱ्यांत मनोरा आणि आपण यांच्यामध्ये डोंगर आला, की फोन आणि टॅब्लेट दोघेही सारखेच मुके होतात. अशा प्रदेशात उपयोगी पडते ती पूर्वतयारी. नकाशे आधी उतरवून घ्यावे. ओडीके किंवा कोबो यांसारख्या साधनांवर प्रश्नावली आधीच भरून ठेवावी. उत्तरे उपकरणात साठतात आणि जाळे मिळताच पुढे जातात. क्यूफील्डसारखे साधन नकाशावरील नोंदींसाठी याच रीतीने चालते.

जाळे असले तरी सर्वच सामग्री त्यावरून पाठविणे शहाणपणाचे नसते. ४८,००० हर्ट्झ, १६ बिट आणि दोन वाहिन्या अशा रीतीने केलेल्या तासाभराच्या ध्वनिमुद्रणास सुमारे ६९० मेगाबाइट जागा लागते. सेकंदास २ मेगाबिट वेगाने ते पाठवावयाचे म्हटले तर पाऊण तासाहून अधिक वेळ जातो, आणि तीन तासांच्या मुद्रणात दिवसाचा २ गिगाबाइटांचा डेटा संपून जातो. उलट भरलेली प्रश्नावली काही किलोबाइटांत मावते. म्हणून मुद्रणाची दुसरी प्रत रोज सायंकाळी वेगळ्या ड्राइव्हवर काढणे आणि नोंदी मात्र जाळ्यावरून पाठविणे, हाच क्रम योग्य होय.

५. खर्चाचा हिशेब आणि निष्कर्ष

किमतीतील फरकाखेरीज सिमचा आवर्ती खर्चही धरावा लागतो. केवळ हिशेबासाठी तो मासिक २०० रुपये मानला, तर चार वर्षांत ९,६०० रुपये होतात. म्हणजे वर उल्लेखिलेल्या आयपॅडवर सोयीची एकूण किंमत २४,६०० रुपयांवर जाते. अँड्रॉइड टॅब्लेटांत दोन आवृत्त्यांच्या किमतीतील फरक बहुधा बराच कमी असतो. तेथे हा निर्णय इतका कठीण राहत नाही.

एवढ्या विवेचनानंतर खरेदीदाराने स्वतःस तीन प्रश्न विचारावे. टॅब्लेट आणि फोन दिवसभर एकाच माणसाच्या हाती राहणार आहेत काय? कामास अक्षांश-रेखांश लागतात काय, आणि लागत असल्यास निवडलेल्या टॅब्लेटात त्यांची सोय सिमवाचून आहे काय? जेथे जावयाचे, तेथे कोणत्या कंपनीचे जाळे पोचते? ज्या विद्यार्थ्याचे काम ग्रंथालय, वसतिगृह आणि प्रवासातील वाचन एवढ्यापुरते आहे, त्याने अंगभूत डेटावर खर्च करू नये. त्याचा फोन पुरेसा आहे. स्थाननिश्चिती हवी असणाऱ्याने सिमपेक्षा जीपीएसकडे लक्ष द्यावे. अंगभूत डेटा खरोखर सार्थकी लागतो तो जाळे पोचणाऱ्या प्रदेशात फोनधारकापासून दूर हिंडणाऱ्या, हातोहात फिरणाऱ्या सामाईक टॅब्लेटात.

विभागाच्या बाबतीत उत्तर सरसकट असण्याचे कारण नाही. आरंभीच्या ४,९९,००० रुपयांत सिमची सोय असलेले दोन आणि वायफायचे अकरा असे तेरा टॅब्लेट येतात, आणि उरलेल्या १५,३०० रुपयांत बाह्य बॅटऱ्यांची तरतूद होते. पहिले दोन क्षेत्राभ्यासास निघणाऱ्या गटांना आळीपाळीने द्यावे, बाकीचे वाचन-लेखनासाठी ठेवावे. असे केल्यास दहाऐवजी तेरा विद्यार्थ्यांच्या हाती साधन पडते आणि दूरच्या वाडीत गेलेल्याचीही अडचण होत नाही.