पुढच्या भागात काय होणार? मला माहितीये!

एक सांगू? सीरियलमध्ये डेडबॉडी दाखवली नाही ना, तर माणूस मेलेला नसतो. गाडी दरीत कोसळू दे, स्फोट होऊ दे, हॉलमधल्या फोटोला हार चढू दे... बॉडी नाही म्हणजे स्वारी परत येणार. फार तर चेहरा बदलून येईल!

हा नियम मी बारा वर्षांची असताना शिकले. साल २००१. ‘क्योंकि सास भी कभी बहू थी’मधला मिहिर अपघातात गेला आणि आमच्या सांगलीच्या कॉलनीत अक्षरशः सुतक पडलं. शेजारच्या काकूंना जेवण जाईना. आमच्या मातोश्री मात्र शांत. मेथी निवडता निवडता म्हणाल्या, ‘येतोय बघ तो.’ आणि आला की! स्मृती गमावून, पण आला. प्रेक्षकांनी एवढी बोंबाबोंब केली की त्याला जिवंत करणं भागच पडलं, हे मला फार नंतर कळलं. आईला ते तेव्हाच कसं कळलं, देव जाणे.

आता मी हिंजवडीत बसून कंपनीसाठी फोरकास्टिंग करते. म्हणजे मागच्या तीन वर्षांच्या आकड्यांवरून पुढच्या तीन महिन्यांत काय होईल ते सांगते, आणि त्याचा मला पगार मिळतो. आई हेच काम फुकट करते. तिचा अ‍ॅक्युरसी रेट माझ्यापेक्षा बरा असावा असा मला दाट संशय आहे.

आमच्या लंच टेबलावर दोन पार्ट्या आहेत. एक वेबसीरिजवाली. दुसरी ‘मी नाही बघत गं, घरी चालू असतं म्हणून कानावर पडतं’वाली. (या दुसऱ्या पार्टीला प्रत्येक पात्राचं नाव, गाव आणि लफडं पाठ असतं. असो.) दोन्ही पार्ट्यांचा आवडता उद्योग एकच, शेवट ओळखणं. पण दोन्हीकडचा खेळ मात्र वेगळा आहे, हं!

डेलीसोपमध्ये गोष्टीवरून अंदाज बांधायला गेलात तर फसलात. तिथे हिशोब मांडायचा. दर गुरुवारी टीआरपीचे आकडे येतात. समोरच्या चॅनेलने त्याच वेळेला नवी मालिका आणली? मग आपल्या मालिकेत लग्न नक्की, आणि रविवारी महाएपिसोड. हिरोला सिनेमा मिळाला? त्याचं पात्र दुबईला जाणार. हिरॉइनने मालिका सोडली? अपघात, प्लास्टिक सर्जरी, नवा चेहरा. सगळ्या शक्यता वापरून संपल्या? वीस वर्षांचा लीप, पोरंटोरं मोठी, पुन्हा श्रीगणेशा. ‘चार दिवस सासूचे’ नावात चार दिवस घेऊन २००१ ते २०१३ चालली, तीन हजारांहून जास्त भाग! एवढ्या काळात लेखकाला तरी शेवट कुठून माहीत असणार? आणि ‘क्योंकि’चं बघा. २००८मध्ये अठराशेहून जास्त भागांनंतर संपली म्हणून सगळ्यांनी निरोप घेतला, तर २०२५मध्ये तुलसी पुन्हा हजर. आता यात ‘शेवट’ कशाला म्हणायचं, तुम्हीच सांगा.

जिथे शेवट आधीच ठरलेला असतो तिथला खेळ वेगळा. तिथे लेखक एकीकडे आणि आपण दुसरीकडे, मध्ये सरळ पैज. या प्रकाराचं आद्यपीठ म्हणजे अमेरिकेतली ‘डलास’. मार्च १९८०मध्ये सीझन संपताना जे. आर. या खलनायकाला गोळी लागली. कोणी घातली? ते कळायला थेट २१ नोव्हेंबर उजाडला. मधल्या आठ महिन्यांत चक्क सट्टा लागला. उत्तर फुटू नये म्हणून निर्मात्यांनी वेगवेगळ्या कलाकारांच्या हाती पिस्तूल देऊन सीन शूट करून ठेवले होते. त्या रात्री एकट्या अमेरिकेत ८ कोटींच्या वर लोक टीव्हीपुढे बसले. गोळी घातली होती जे. आर.च्या मेहुणीने. (पंचेचाळीस वर्षांवर होऊन गेलीत, आता याला स्पॉयलर म्हणू नका प्लीज!)

स्पॉयलरवरून आठवलं. आमच्या टीममधला एक जण कोणी शेवट सांगितला तर दोन दिवस अबोला धरतो. त्याला मी २०११चा एक अभ्यास ऐकवते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगोमधल्या दोन संशोधकांनी लोकांना बारा कथा वाचायला दिल्या. काहींना शेवट आधीच सांगून टाकला. तर शेवट माहीत असलेल्यांनाच कथा सरासरीने जास्त आवडल्या! त्याला हे पटत नाही. मग मी अण्णा नाईकांचं उदाहरण देते. ‘रात्रीस खेळ चाले’ २०१६मध्ये सुरू झाली तीच अण्णांच्या मृत्यूपासून. २०१९च्या दुसऱ्या भागात गोष्ट मागे गेली, अण्णा जिवंत, शेवंता आली. अण्णा मरणार हे वाडीतल्या कोंबडीलाही माहीत होतं. तरी रात्री साडेदहाला अख्खा महाराष्ट्र जागा!

मग आपण अंदाज बांधतो तरी कशाला? माझं मत विचाराल तर, आपण ‘असं होणार’ म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा ‘असं व्हायला हवं’ असंच म्हणत असतो. हे मला कळलं २०१२मध्ये.

तेव्हा ‘एका लग्नाची दुसरी गोष्ट’ चालू होती. घना आणि राधाने घरच्यांना अंधारात ठेवून करार करून लग्न केलेलं, पुढे मोडायचंच म्हणून. मी पुण्यात, आई सांगलीत. एपिसोड संपला रे संपला की फोन. त्याच सुमारास घरी माझ्यासाठी स्थळं बघणं चालू होतं आणि ऑफिसमधल्या एका मुलाबद्दल मी घरी अवाक्षर काढलं नव्हतं. जात वेगळी. बाबा त्या बाबतीत कडक.

‘राधा घरी सांगेल का गं?’ आईने एका रात्री विचारलं.

‘छे! एवढ्यात नाही. शेवटपर्यंत ताणतील.’

‘मला वाटतं सांगेल. सांगावं तिने. चार दिवस चिडतील, खाऊन थोडीच टाकणारेत?’

‘तिचे वडील नाही ऐकायचे.’

आई थोडा वेळ गप्प. मग म्हणाली, ‘वडिलांना समजावणारं घरात कोणीतरी असतंच की.’

मी विषय बदलला. शनिवारी सकाळची एसटी पकडली आणि सांगली गाठली. बाबा चिडले, चार दिवस नाही, चांगले चार महिने. पण समजावणारं माणूस होतं घरात. २०१३मध्ये आमचं लग्न झालं. आईला त्या रात्री काय काय माहीत होतं, हे मी अजून विचारलेलं नाही, तिनेही सांगितलेलं नाही. ‘मी तर राधाबद्दल बोलत होते,’ हे तिचं उत्तर मला तोंडपाठ आहे.

तेव्हापासून मी अंदाज कान देऊन ऐकते. ‘माझ्या नवऱ्याची बायको’ चालू असताना आई आणि मावशीची जुंपायची. बाहेरख्याली गुरुनाथला राधिका परत घेणार की नाही? आई म्हणायची, अजिबात नाही. मावशी म्हणायची, घेईल गं, नवरा आहे शेवटी. एकदा यावरून दोघी बहिणी दोन दिवस बोलल्या नाहीत. मावशीच्या घरची परिस्थिती मला माहीत होती, त्यामुळे त्या भांडणात मी पडले नाही. राधिकाने पुढे सौमित्रशी लग्न केलं. मावशीने ते भाग बघितले, पण त्यावर ती फोनवर काही बोलली नाही.

मग आला मार्च २०२०. शूटिंग बंद, टीव्हीवर जुने भाग. चार महिने नवं काही नाही! या दोघींनी काय करावं? रोज रात्री कॉन्फरन्स कॉल लावून पुढचे भाग स्वतःच रचायला लागल्या. मी लॅपटॉपवर एक्सेल उघडून, स्पीकर चालू ठेवून ऐकायचे. आईच्या भागांत कारस्थानं फार. मावशी सुरुवातीला नुसती हं हं करायची. एका रात्री म्हणाली, आजचा भाग मी सांगते. तिच्या भागात नवरा उशिरा घरी येतो, बेल वाजवतो, वाजवत राहतो. नायिका दार उघडत नाही.

‘आणि मग?’ आईने विचारलं.

‘मग काही नाही. तिने स्वतःपुरता वरणभात लावला.’

पलीकडे बराच वेळ कोणी बोललं नाही. जुलैमध्ये नवे भाग सुरू झाले, तेव्हा आईने निकाल दिला की मावशीची मालिका जास्त चांगली चालली होती. मावशी आता सांगलीलाच असते, आमच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून.

सध्या दोघींना कोरियन ड्रामाचं वेड लागलंय, हिंदी डबिंगवाला. सोळा भागांत खेळ खलास, हे आईला आधी पटतच नव्हतं. ‘एवढ्यात संपवतात? मग पैसे कसे सुटतात त्यांना?’ परवा नवव्या भागावर आल्या. आईचं ठाम मत, हिरोची आजीच व्हिलन. मावशी म्हणते, आजी चांगली आहे, तिला कोणी विचारलंच नाही कधी. मी अख्खा बघून बसलेय. दोघी रोज खोदून खोदून विचारतात, पण मी बापडी कशाला सांगू? अजून सात भाग आहेत.