प्रतिपालित बालके आणि त्यांचे पूर्वप्राथमिक शिक्षण

दत्तक आणि प्रतिपालन ह्या दोन कल्पनांची सामान्य व्यवहारात पुष्कळदा गल्लत होते. दत्तकविधानाने मूल एका कुळातून दुसऱ्या कुळात जाते. त्याचे नाव, वारसा आणि नातीगोती बदलतात. प्रतिपालनात ह्यांपैकी काहीच घडत नाही. मूल जन्मदात्यांचेच राहते, परंतु काही काळ दुसऱ्याच्या घरी वाढते. आई क्षयाने रुग्णालयात असते, बाप तुरुंगात असतो किंवा दोघांपैकी एक मृत आणि दुसरा परागंदा असतो. 'पोर मामाकडे सांभाळायला ठेवले आहे' ह्या एका वाक्यात मराठी समाज ही सगळी स्थिती उरकतो. कायद्याची भाषा अधिक काटेकोर आहे. २०१५ च्या बालन्याय अधिनियमानुसार, बालकल्याण समितीने मुलाला त्याच्या जन्मकुटुंबाखेरीज अन्य अशा कुटुंबात ठेवणे, की जे पारखून निवडलेले, मान्य केलेले आणि देखरेखीखाली असलेले आहे, त्यास प्रतिपालन म्हणतात. नातेवाईकांकडील मुलांसाठी साहाय्याची निराळी योजना आहे. ती कायद्याच्या अर्थाने प्रतिपालित नव्हेत. परंतु प्रस्तुत प्रश्नाच्या दृष्टीने दोन्ही प्रकारच्या बालकांची अडचण एकच असल्यामुळे येथे त्यांचा एकत्र विचार केला आहे.

परक्याच्या मुलाला आधार देण्याची रीत महाराष्ट्राला नवी नाही. वार लावून जेवणारा आणि माधुकरी मागून शिकणारा विद्यार्थी हे गेल्या शतकातील परिचित दृश्य होय. मात्र त्या रीतीत दोन मर्यादा होत्या. एक म्हणजे जातीची. दुसरी फारशी बोलली जात नाही, ती वयाची. आश्रय मिळे तो मौंज झालेल्या, पाठ करू शकणाऱ्या मुलाला. दुधपित्या किंवा रांगत्या अनाथाची जबाबदारी समाजाने आपली मानली नव्हती. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले ह्यांनी १८६३ साली पुण्यात काढलेले बालहत्या प्रतिबंधक गृह ह्या पार्श्वभूमीवर पाहिले म्हणजे त्याचे वेगळेपण ध्यानात येते. लहान मुलाला आधी जगवावे आणि मग सहा-सात वर्षांचे झाल्यावर शिकवावे, हा संकेत आजही पुरता सुटलेला नाही.

हा संकेत चुकीचा का, ह्याचे सर्वांत स्पष्ट उत्तर रुमानियातून मिळाले. बुखारेस्ट येथे २००० च्या सुमारास सुरू झालेल्या एका अभ्यासात अनाथगृहांतील १३६ बालके घेण्यात आली. त्यांतील ६८ बालकांना सोडत पद्धतीने प्रतिपालक कुटुंबांत ठेवण्यात आले. उरलेली नेहमीच्या व्यवस्थेतच राहिली. अभ्यासात येताना ह्या बालकांची वये सहा ते एकतीस महिन्यांपर्यंतची होती. साडेचार वर्षांच्या वयात कुटुंबांत गेलेल्यांचा सरासरी बुद्ध्यंक सुमारे ८१ भरला, तर संस्थेच्या गटातील मुलांचा सुमारे ७३. दोन वर्षांचे होण्यापूर्वी ज्यांना घर मिळाले त्यांचा लाभ अधिक होता. हे निष्कर्ष २००७ मध्ये प्रसिद्ध झाले आणि संस्थेपेक्षा घर बरे, हे सिद्ध झाल्याबद्दल त्यांचा सर्वत्र गौरव झाला. परंतु त्याच अभ्यासातील तिसरा आकडा तितकाच महत्त्वाचा आहे. स्वतःच्या आईबापांच्या घरी वाढलेल्या त्याच शहरातील मुलांचा सरासरी बुद्ध्यंक १०९ च्या आसपास होता. म्हणजे घर मिळाल्याने अंतर कमी झाले, मिटले नाही. ज्या बालकाच्या आयुष्याचे पहिले महिने भाषेवाचून आणि खेळावाचून गेले, त्याला छप्पर आणि माया ह्यांखेरीज आणखी काही देणे लागते, असे ह्यावरून मानावयास हवे. बालशिक्षणाचा प्रश्न येथे सुरू होतो.

भारतात सहा वर्षांखालील कोणती मुले दुसऱ्याच्या घरी असतात, हे आधी पाहिले पाहिजे. जे मूल दत्तक देण्यास कायद्याने मोकळे झाले आहे त्याला दीर्घकालीन प्रतिपालनात ठेवता येत नाही. त्याच्यासाठी दत्तक कुटुंबच शोधावे लागते. साहजिकच लहान वयोगटात उरतात ती बहुधा आईबाप हयात असलेली, अथवा आजी, मावशी किंवा काका ह्यांनी परस्पर आपल्या घरी नेलेली मुले. महाराष्ट्र शासनाच्या बालसंगोपन योजनेचा आधार ह्यांपैकी अनेकांना मिळतो. तिच्यातील दरमहा साहाय्य पूर्वी ४२५ रुपये होते, ते पुढे ११०० आणि २०२३ मध्ये २२५० रुपये झाले. केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेत २०२२ पासून प्रत्येक बालकामागे दरमहा ४००० रुपयांची तरतूद आहे. ह्या रकमा तुटपुंज्या म्हणून हिणवण्याजोग्या नाहीत. पण पैसा घरात येतो; मूल घराबाहेर पडून अंगणवाडीत बसते की नाही, हे पैशाने ठरत नाही.

ते कशाने ठरते, हे अंगणवाडीच्या दाराशी उभे राहून पाहिल्यास कळते. १९७५ साली २ ऑक्टोबरला देशातील ३३ गटांत सुरू झालेली एकात्मिक बालविकास सेवा योजना आज देशभर पसरली आहे. सहा महिने ते सहा वर्षे वयाच्या प्रत्येक बालकाला स्थानिक अंगणवाडीतून विनामूल्य आहार मिळण्याचा हक्क २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने दिला आहे. कागदावर प्रतिपालित मुलाला कोणतीच आडकाठी नाही. प्रत्यक्षात मात्र सेविकेची यादी गावातील गरोदर स्त्रीपासून सुरू होते. ती स्त्री बाळंत होते, बाळाची नोंद होते, लसीकरण होते, आणि तीन वर्षांनी तेच मूल पाटी घेऊन येते. नोंदीचा हा सगळा धागा आईच्या हाताने विणलेला असतो. बालकाचे आधारपत्र नसेल तर मातेच्या आधारक्रमांकावर नोंद करण्याची सोय आहे; परंतु जे मूल दुसऱ्या जिल्ह्यातून, आईवाचून, एका पिशवीत दोन कपडे घेऊन आले, त्याच्या बाबतीत ही सोयच अडचण होऊन बसते. लसीकरणाचे कार्ड आईच्या ट्रंकेत राहिलेले असते. जन्मदाखला काढलेला असला तरी कोणत्या ग्रामपंचायतीत, हे आजीला सांगता येत नाही. शालेय प्रवेशाच्या वेळी वयाच्या दाखल्याअभावी प्रवेश नाकारता येणार नाही, असे २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने बजावले आहे. पण तो कायदा सहा ते चौदा वर्षांच्या मुलांचा. त्याखालील वयासाठी शासनाने 'प्रयत्न करावा' एवढेच संविधानाचा ४५ वा अनुच्छेद सांगतो.

दुसरी अडचण वेळेची आहे. अंगणवाडी सकाळचे काही तास चालते. सांभाळणारी आजी मजुरीला जाते किंवा मावशी धुणीभांडी करते. मुलाला अकरा-बारा वाजता घरी आणणार कोण? मग मूल अंगणवाडीत न जाता शेताच्या बांधावर बसते, किंवा त्याहून वाईट म्हणजे घरातल्या थोरल्या मुलीची शाळा त्याच्यापायी बुडते. एका मुलाचे संगोपन दुसऱ्या मुलाच्या शिक्षणातून वसूल होते. २०२२ नंतर 'पाळणा' ह्या नावाने अंगणवाडीला जोडून दिवसभराची पाळणाघरे काढण्याची योजना आली. तिच्यात सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलांना सुमारे साडेसात तास ठेवता येते. जेथे असे केंद्र निघाले तेथे उपरोक्त अडचण दूर होते. परंतु योजनेच्या मांडणीत केंद्रस्थानी आहे ती नोकरी-मजुरी करणारी माता. २०२४ च्या सुधारित मार्गदर्शक सूचनांनुसार ३५ ते ६० वर्षे वयाची अविवाहित, विधवा वा घटस्फोटित व्यक्तीही प्रतिपालक होऊ शकते. एकट्याने मिळवून एकट्याने मूल सांभाळणाऱ्या अशा व्यक्तीला पाळणाघराची गरज सर्वांहून अधिक असणार, हे उघड आहे.

ह्या अडचणी नव्या नाहीत, आणि त्यांवरचा उपायही महाराष्ट्रातच पूर्वी शोधला गेला होता. ताराबाई मोडक १९४५ मध्ये बोर्डीला गेल्या आणि त्यांना अनुताई वाघ येऊन मिळाल्या, तेव्हा वस्तीतली मुले बालवाडीत येत नसत. मुलांना धाकटी भावंडे सांभाळायची असत, गुरे राखायची असत. ताराबाईंनी मुलांना दोष दिला नाही. बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. 'अंगणवाडी' हा शब्द आणि त्यामागची कल्पना तेथून आली. गुरांमागे जाणाऱ्यांसाठी कुरणशाळा निघाली. धाकट्या भावंडासह थोरले मूल यावे, धाकट्याने पाळणाघरात राहावे आणि थोरल्याने शेजारी शिकावे, ही त्या प्रयोगाची गुरुकिल्ली होती. पुढे अंगणवाडीचे नाव देशभर गेले, पण मुलाच्या परिस्थितीकडे शाळेने चालत जावे हा तिचा मूळ अर्थ वाटेत बराच झिजला, असे म्हणावे लागते.

येथे एका विसंगतीचा निर्देश केला पाहिजे. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महिला कैद्यांच्या मुलांविषयी निर्णय दिला. सहा वर्षांपर्यंतच्या मुलाला आईजवळ तुरुंगात राहता येईल, तीन वर्षांखालील मुलांसाठी पाळणाघर आणि तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी बालवाडी चालवावी, आणि ती शक्यतो तुरुंगाच्या आवाराबाहेर असावी, असे त्यात सांगितले आहे. म्हणजे आईबरोबर गजांआड राहणाऱ्या मुलाच्या बालवाडीविषयी न्यायालयाचा निश्चित आदेश आहे. त्याच आईने मुलाला बाहेर बहिणीकडे ठेवले, तर त्याला बालवाडीत बसवण्याची जबाबदारी नेमक्या कोणा अधिकाऱ्याची, हे सांगणारा तसा आदेश नाही.

इतर देशांनी हा प्रश्न पात्रतेच्या नियमातून सोडवू पाहिला आहे. अमेरिकेत गरीब मुलांसाठी १९६५ पासून 'हेड स्टार्ट' ह्या नावाने बालशाळा चालतात. प्रतिपालित मूल तुलनेने सुस्थितीतील घरी गेले की उत्पन्नाच्या अटीमुळे बाहेर पडण्याचा धोका असे. तेथील नियमांन्वये प्रतिपालक कुटुंबाचे उत्पन्न कितीही असले तरी असे मूल पात्र मानले जाते. इंग्लंडमध्ये शासनाच्या देखरेखीखालील दोन वर्षांच्या मुलाला आठवड्याला १५ तासांचे विनामूल्य बालशिक्षण मिळते, आणि घराबाहेर काम करणाऱ्या प्रतिपालकांच्या तीन-चार वर्षांच्या मुलांना २०१८ पासून ३० तासांची सवलत खुली झाली. त्याहून अनुकरणीय अशी तेथील एक व्यवस्था आहे. २०१४ च्या कायद्याने प्रत्येक स्थानिक प्राधिकरणाला एक अधिकारी नेमावा लागतो. विखुरलेल्या शाळांतील अशी सर्व मुले जणू एकाच शाळेत आहेत असे समजून तो त्यांच्या शैक्षणिक प्रगतीवर लक्ष ठेवतो. इमारत नाही, वर्ग नाहीत, पण हजेरीपट एक आहे.

महाराष्ट्रात असा हजेरीपट ठेवण्यास नवा कायदा लागणार नाही. बालकल्याण समितीने प्रतिपालक कुटुंबांची दरमहा पाहणी करावी, असे बालन्याय अधिनियमात आहेच. त्या पाहणीत मुलाचे वजन आणि अंगावरचे कपडे ह्यांबरोबरच ते कोणत्या अंगणवाडीत जाते, गेल्या महिन्यात किती दिवस गेले आणि गेले नसल्यास त्याला दुपारी कोण पाहते, हे तीन प्रश्न विचारता येतील. मुलाला घरी सोपवण्याच्या आदेशाची एक प्रत पालकाच्या हाती देतानाच दुसरी त्या वस्तीच्या अंगणवाडी सेविकेकडे धाडता येईल. म्हणजे नोंदीसाठी आईचा क्रमांक शोधत बसावे लागणार नाही. समितीचा आदेश हाच नोंदीचा आधार होईल. मूल पुन्हा आईकडे अथवा तिसऱ्या घरी गेले, तर वजनाचा तक्ता, लसींची नोंद आणि ते कोणती गाणी म्हणते, कोणाशी बोलत नाही, ह्याविषयी सेविकेने लिहिलेल्या चार ओळी त्याच्याबरोबर जाव्यात. बालकल्याण समिती आणि अंगणवाडी ही दोन्ही महिला व बालविकास विभागाचीच अपत्ये आहेत. तथापि पहिलीचे कार्यालय जिल्ह्याच्या गावी आणि दुसरी वस्तीत असल्यामुळे त्यांची गाठ क्वचितच पडते. ह्या दोहोंमध्ये तो कागद पोचवण्याचे काम जिल्हा बालसंरक्षण कक्षाकडे सोपवणे सर्वांत सोयीचे ठरेल.