विश्लेषण : जमिनीवर गाडी, पाण्यात होडी! सहा चाकांची जुनी ‘एटीव्ही’ पुन्हा कशी चालू होते? नवी मुंबईत ती चालवता येईल का?

चिखलातून आलेली बुटकी, सहा चाकांची गाडी न थांबता तळ्यात उतरते आणि तरंगत पलीकडच्या काठाला लागते. असे व्हिडीओ मोबाइलवर अनेकांनी पाहिले असतील. साठ-सत्तरच्या दशकातल्या या उभयचर गाड्या आता दुर्मीळ आहेत. परदेशातले हौशी लोक त्या शोधून दुरुस्त करतात. नवी मुंबईसारख्या खाडीकाठच्या शहरात अशी गाडी कुणाच्या हाती लागली, तर काय करावे लागेल?

ही गाडी आली कुठून?

१९६०च्या दशकाच्या सुरुवातीला कॅनडात ‘जिगर’ ही सहा चाकी गाडी तयार झाली. नाव मराठी वाटले तरी त्याचा आपल्या ‘जिगर’शी संबंध नाही. १९६७ मध्ये कॅनडातच ‘आर्गो’ आली. या नावाच्या गाड्या आजही बनतात. अमेरिकेतली ‘अ‍ॅम्फिकॅट’ १९६८ मध्ये सुरू झालेल्या ‘द बनाना स्प्लिट्स’ या मुलांच्या टीव्ही कार्यक्रमात झळकली. पुढे तीन आणि चार चाकी एटीव्हींनी बाजार व्यापला आणि सहा चाकी गाड्यांचे अनेक उत्पादक बंद पडले. त्यामुळे आज सुटे भाग मिळणे हीच पहिली अडचण असते.

स्टिअरिंग नाही, मग वळते कशी?

यातल्या बहुतेक गाड्यांत चालकापुढे दोन दांडे असतात. उजवा दांडा ओढला की उजवीकडची तिन्ही चाके रोखली जातात, डावीकडची फिरत राहतात आणि गाडी उजवीकडे वळते. रणगाडाही याच पद्धतीने वळतो. कारच्या टायरमध्ये साधारण ३० पीएसआय हवा असते, या फुगीर टायरमध्ये जेमतेम दोन-तीन. त्यामुळे वजन पसरते आणि गाडी चिखलात सहसा रुतत नाही.

तरंगण्यामागे आर्किमिडीजचा नियम आहे. समजा, गाडी आणि दोन माणसे मिळून वजन ३५० किलो आहे. टबसारख्या बॉडीने आणि टायरनी मिळून ३५० लिटर पाणी बाजूला सारले की गाडी तरंगते. टायरच्या खाचा वल्ह्यासारखे काम करतात. पाण्यातला वेग मात्र माणसाच्या चालण्याइतकाच.

दुरुस्तीत खरी कसोटी कुठे?

इंजिनापेक्षा टबमध्ये! सहाही एक्सल टबला भोक पाडून बाहेर येतात आणि तिथली सील पाण्याखाली असतात. ती झिजली की पाणी आत शिरते. म्हणून सील आणि बेअरिंग आधी बदलावी लागतात. टबच्या आतल्या चेन आणि स्प्रॉकेट गंजलेले असतात.

टबला तडा असेल तर प्लास्टिक कोणते, हे आधी ओळखावे लागते. एबीएस असेल तर त्याच प्लास्टिकचे तुकडे अ‍ॅसिटोनमध्ये विरघळवून केलेली लापशी तड्यात भरता येते. पॉलिथिलीनवर मात्र साधा गोंद धरत नाही, तिथे प्लास्टिक वेल्डिंगच लागते.

इंजिन बदलावे का?

जुने टू-स्ट्रोक काढून नवे फोर-स्ट्रोक बसवण्याचा मोह होतो. पण नवे इंजिन ४० किलोने जड असेल, तर गाडीला ४० लिटर जादा पाणी सारावे लागते, म्हणजेच ती आणखी खाली बसते. वजन एका बाजूला गेले तर ती कलते. त्यामुळे कोणताही बदल केल्यावर पहिली चाचणी उथळ, संथ पाण्यात, लाइफ जॅकेट घालून आणि पाणी उपसणारा पंप बसवूनच घ्यायला हवी.

नियम काय सांगतात?

जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या वाहनाची ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदणी होते. शुल्क २० हजार रुपये, मुदत १० वर्षे, क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे. पण नियमात उल्लेख आहे तो दुचाकी आणि चारचाकी वाहनांचा, तेही मूळ रूपात असलेल्या. सहा चाके आणि बदललेले इंजिन, दोन्ही इथे अडतात. नेहमीच्या नोंदणीतही उत्पादकाच्या मूळ रचनेविरुद्ध बदल चालत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले आहे. म्हणजे सार्वजनिक रस्त्यावर ही गाडी काढणे कठीणच. दुरुस्तीवर पैसे घालण्यापूर्वी आरटीओत विचारणा केलेली बरी.

मग थेट खाडीत?

तेही नाही. ठाणे खाडीचा भाग २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि २०२२ मध्ये त्याला ‘रामसर’ स्थळाचा दर्जा मिळाला. खारफुटीच्या नाशाला मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८ मध्ये ठाम मनाई केली. सहा चाके चिखलात सहज जातात खरी, पण तोच चिखल फ्लेमिंगोंचे ताट आहे आणि खारफुटीची कोवळी रोपे तिथेच रुजतात. शिवाय ओहोटीच्या वेळी इंजिन बंद पडले तर चालत काठ गाठणेही जिवावर बेतू शकते.

मग उपयोग कुठे?

खासगी आवारातले तळे, मालकाच्या परवानगीने शेततळे किंवा प्रदर्शन. या यंत्राचे मोल खरे कळते ते पुरात. ऑगस्ट २०२५ मध्ये पंजाबच्या पुरात लष्कराने ‘एटीओआर एन १२००’ ही चार चाकी उभयचर गाडी उतरवून अडकलेल्यांना बाहेर काढले. २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर आणि २०२१ मध्ये चिपळूण बुडालेले पाहिलेल्या महाराष्ट्राला तिची गरज वेगळी सांगायला नको. हौसेने दुरुस्त केलेली ५० वर्षांची गाडी मात्र बचावकार्यात नेऊ नये. ऐन प्रवाहात एक सील फुटले, तर वाचवायला गेलेल्यांनाच वाचवावे लागेल.