लखनौमधील विमा आणि श्रम-कायद्याची वकिली

विम्याचे दावे आणि नोकरीविषयक तंटे हाताळत लखनौमध्ये आयुष्य घालवणाऱ्या वकिलाचे एका न्यायालयाची पायरी चढून भागत नाही, कारण दाद मागणाऱ्याची चाकरी कोणाकडे आहे यावर प्रकरण कोठे दाखल करायचे ते ठरते. रेल्वे कर्मचारी केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरणाच्या लखनौ खंडपीठाकडे जातो, राज्य शासनाचा कर्मचारी १९७६ च्या कायद्याने स्थापन झालेल्या लोकसेवा अधिकरणाकडे, तर खासगी कारखान्यातील कामगाराचा तंटा उत्तर प्रदेश औद्योगिक विवाद अधिनियम, १९४७ या राज्याच्या स्वतंत्र कायद्याखाली कामगार न्यायालयापुढे येत असे. तोही मुख्यतः शासनाने तो सोपवल्यावर. १९७१ च्या अनुचित कामगार प्रथांविषयीच्या कायद्यामुळे थेट तक्रार नेण्याची सवय असलेल्या महाराष्ट्रातील वकिलांना हा फरक चटकन जाणवेल. या सर्वांच्या वर अलाहाबाद उच्च न्यायालयाचे लखनौ खंडपीठ आहे, जे अवधचे चीफ कोर्ट १९४८ मध्ये त्या न्यायालयात विलीन झाल्यापासून येथे टिकून राहिले आणि २०१६ मध्ये कैसरबागेतून गोमतीनगरच्या नव्या इमारतीत गेले.

विमा आणि श्रम-कायदा या दोन शाखा वरवर वेगळ्या दिसत असल्या, तरी मालवाहू ट्रकचा पगारी चालक कामावर असताना अपघातात दगावला की त्या एकाच फाइलमध्ये येतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६७ नुसार वारसांना त्या कायद्याखाली किंवा १९२३ च्या कर्मचारी भरपाई कायद्याखाली दावा करता येत असे, मात्र दोन्हीकडे नाही; आणि वकिलाच्या अनुभवाचा कस युक्तिवादापेक्षा या निवडीत अधिक लागे. चालकाचे वय ३० आणि मासिक वेतन १२,००० रुपये असल्यास १९२३ च्या कायद्यात वेतनाच्या निम्म्या रकमेला वयानुसार ठरलेल्या २०७.९८ या गुणकाने गुणून १२,४७,८८० रुपये येत. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात मात्र सर्वोच्च न्यायालयाच्या सरला वर्मा (२००९) आणि प्रणय सेठी (२०१७) या निकालांतील सूत्राने वार्षिक उत्पन्नात ४० टक्के भावी वाढ धरून, अवलंबित चार ते सहा असल्यास मृताच्या स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा करून आणि १७ ने गुणून २५,७०,४०० रुपये होतात, शिवाय अंत्यविधी इत्यादींची ठरीव रक्कम वेगळी. दुप्पट रक्कम पाहून दुसरा मार्ग सरसकट श्रेयस्कर मानणे धोक्याचे आहे, कारण कलम १६६ च्या दाव्यात दुसऱ्याची निष्काळजी सिद्ध करावी लागते. चूक चालकाचीच असेल तर तो दावा टिकत नाही, आणि निष्काळजीचा प्रश्न सहसा न विचारणारा १९२३ चा कायदाच कुटुंबाचा आधार उरत असे. त्या कायद्यात हिशेबासाठी वेतनाची कमाल मर्यादा २०२० पासून १५,००० रुपये धरली गेली, हे मात्र कुशल चालकांच्या बाबतीत अन्यायकारकच म्हटले पाहिजे.

पुराव्याची अडचण याहून मोठी आहे. चालकाला नेमणूकपत्र क्वचितच मिळते, पगार रोखीने मिळतो आणि मृत्यूनंतर मालक ‘हा आमचा माणूसच नव्हता’ असे सांगू शकतो; म्हणून मालाची बिल्टी, पोलिसांचा प्रथम माहिती अहवाल, वाहनाच्या पॉलिसीत पगारी चालकासाठी भरलेला जादा हप्ता अशा कागदांतून मालक-नोकर संबंध उभा करावा लागतो. घरी बसून तुकड्यावर काम करणाऱ्या लखनौच्या चिकन-कारागीर स्त्रियांपाशी तर दलालाच्या तोंडी हिशेबापलीकडे दाखवण्यासारखे फारसे काही नसते.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून १९२३ च्या कायद्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली असून तिच्यात कामावर जाता-येता झालेला, कामाशी संबंध दाखवता येणारा अपघातही समाविष्ट आहे. जुन्या कायद्यावरील निकाल मात्र अभ्यासावेच लागतील. विशेषतः वेद प्रकाश गर्ग (१९९७) या निकालाने भरपाई आणि व्याज विमा कंपनीवर, पण उशिराबद्दलचा दंड मालकावरच टाकला, त्यामुळे तोवर एका बाजूने लढणाऱ्या मालक आणि कंपनी यांचे हितसंबंध त्या मुद्द्यावर वेगळे होतात. १९२३ च्या कायद्याखाली अपील करणाऱ्या मालकाला पूर्ण रक्कम आधी आयुक्ताकडे भरावी लागे, तर मोटार अपघाताच्या निवाड्यावर, ज्या अपिलाला लखनौचे वकील ‘एफएएफओ’ म्हणतात, २५,००० रुपये किंवा निवाड्याच्या निम्मी यांपैकी कमी असलेली रक्कम भरली की पुरते.