घास न देण्यातली भूतदया

एका सत्रापुरता ऑस्ट्रेलियाच्या ईशान्येला, केर्न्स किंवा टाउन्सव्हिलला शिकायला गेलेल्या मराठी विद्यार्थ्याचे पहिले दिवस बँकेचं खातं, सिमकार्ड आणि खोलीची किल्ली मिळवण्यात जातात, तसेच सूचना ऐकण्यातही जातात. नदीच्या अगदी कडेला थांबू नका, पाण्यात मगर असू शकते. नोव्हेंबर ते मे समुद्रात जाळ्याबाहेर पोहू नका, बॉक्स जेलीफिशचा डंख जीवघेणा असतो; किनाऱ्यावर व्हिनेगरच्या बाटल्या ठेवलेल्या असतात त्या त्यासाठीच. संध्याकाळनंतर गाडी सावकाश चालवा, वॉलबी आडव्या येतात. हे सगळं लगेच पटतं. खटकते ती एकच सूचना: प्राण्यांना खायला घालू नका. मुंग्यांना साखर, कबुतरांना दाणे आणि घाटातल्या माकडांना केळी देणं म्हणजे पुण्य, हा संस्कार घेऊन आलेल्याला ती कोरडी, माणूसघाणी वाटू शकते. प्रत्यक्षात त्या दिवसांत शिकण्यासारखी सर्वांत मोलाची गोष्ट तीच आहे.

तिथल्या पावसाळी जंगलातला कॅसोवरी हा पक्षी पाहा. माणसाएवढा उंच, उडता न येणारा, पायाला सुऱ्यासारखी नखी असलेला. फळं गिळून तो दूरवर बिया टाकतो, त्यामुळे कित्येक झाडांचा प्रसार त्याच्यावर अवलंबून आहे. त्याची ख्याती मात्र खुनशी पक्षी म्हणून. 1999 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात क्वीन्सलंडमधल्या त्याच्या 221 हल्ल्यांची छाननी झाली. त्यांतले 150 माणसांवरचे होते आणि त्यांतले तीन चतुर्थांश अशा पक्ष्यांनी केले होते, ज्यांना माणसांनी आधी खाऊ घातलं होतं. असे पक्षी वस्तीजवळ असतात, म्हणून त्यांची गाठ जास्त पडते, असं कोणी म्हणेल. खरंच आहे; पण त्यांना वस्तीजवळ आणलं कोणी? फुकटच्या केळ्यासाठी रस्त्यावर येणारा पक्षी गाडीखाली सापडतो, कुत्र्यांच्या तावडीत सापडतो, आणि केळं न देणाऱ्यावर धावून जातो. दक्षिणेकडच्या फ्रेझर बेटावर, म्हणजे आजच्या के'गारीवर, 2001 मध्ये डिंगो कुत्र्यांनी नऊ वर्षांच्या मुलाचा बळी घेतला. त्यानंतर माणसांना सरावलेले अनेक डिंगो मारले गेले. हाताने भरवलेल्या घासाची किंमत शेवटी प्राण्यानेच मोजली.

इतक्या सूचनांनी नवख्या मुलाच्या मनात भीतीच भरते आणि निसर्गाचा आनंद हरवतो, असाही आक्षेप घेतला जातो. पण भीती आंधळी असते. ती सगळ्याच पाण्यापासून आणि सगळ्याच जंगलापासून दूर ठेवते. नेमकी सूचना मात्र कुठे, केव्हा, किती अंतरावर हे सांगते आणि उरलेली सगळी जागा मोकळी करून देते. क्वीन्सलंडमध्ये खाऱ्या पाण्यातल्या मगरीला 1974 पासून संरक्षण आहे. मगरींची संख्या सावरली, तरी माणसं तिथे राहतात, मासेमारी करतात. हे जमतं, कारण साफ केलेल्या माशांची घाण धक्क्यावर टाकायची नाही, असं माणसांनाच शिकवलं जातं.

तुरळक वस्तीच्या श्रीमंत देशाला हे परवडतं, आपल्याला नाही, हा शेवटचा आक्षेप. त्याचं उत्तर मुंबईतच आहे. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाभोवती लाखो लोक राहतात. तिथे उघड्यावरचा कचरा कुत्र्यांना पोसतो आणि कुत्री बिबट्याला ओढतात. 2011 पासून वनखातं आणि नागरिकांनी मिळून जे लोकशिक्षण सुरू केलं, त्यात बिबट्याला पकडण्यापेक्षा कचरा उचलण्यावर आणि मुलांना रात्री एकटं न सोडण्यावर भर होता. केर्न्सला शिकवला जातो तो नियम यापेक्षा वेगळा नाही. भूतदयेचा संस्कार सोडण्याची गरज नाही, पण आपल्या घासाने प्राण्याचं पुढे काय होतं, हे तपासण्याची जबाबदारी त्या संस्कारातच यायला हवी. परदेशातलं सत्र संपवून येणाऱ्या विद्यार्थ्याने हे घाटातल्या माकडांपुढे गाडी थांबवणाऱ्या आपल्या घरच्यांना पटवून दिलं, तरी त्या शिक्षणाचा खर्च वसूल झाला.