गाण्याच्या खोलीसाठी विजेची वेगळी लाइन

मॉरिशसमध्ये १९६० सालच्या कॅरोल वादळानंतर काँक्रीटची घरे बांधण्याचा प्रघात वाढला. अशा घरांत विजेच्या नळ्या भिंतीत आणि स्लॅबमध्ये गाडलेल्या असतात. तेव्हा घरावर मजला चढवताना एखाद्या खोलीत उत्तम प्रतीचे रेकॉर्ड प्लेअर, अ‍ॅम्प्लिफायर, स्पीकर मांडण्याचा बेत असेल, तर वायरिंगचा आराखडा स्लॅब पडण्यापूर्वीच ठरवावा. मागाहून भिंती फोडाव्या लागतात.

वेगळी लाइन कशासाठी? फ्रिज किंवा पाण्याचा पंप सुरू होताना त्या लाइनवरचा दाब क्षणभर उतरतो आणि स्पीकरमधून ‘टक्’ असा आवाज येतो. मूव्हिंग कॉइल जातीच्या पिकअपकडून येणारा संकेत जेमतेम अर्ध्या मिलिव्होल्टच्या आसपास असतो. तो हजारो पटींनी वाढवावा लागतो, आणि त्याच्याबरोबर आत शिरलेली घरघरही वाढते. मुख्य बोर्डापासून थेट आणलेल्या लाइनवर इतर उपकरणे नसल्याने हा उपद्रव कमी होतो. तो पूर्ण मात्र जात नाही, कारण सर्व लाइनी शेवटी बोर्डापाशी एकत्र येतातच.

तार किती जाड असावी? खोली बोर्डापासून २० मीटरवर असेल, तर जाऊन-येऊन ४० मीटर तांबे होते. १० अँपिअर प्रवाहाला २.५ चौरस मिलिमीटरच्या तारेत सुमारे ३ व्होल्ट गळतात, ४ चौरस मिलिमीटरच्या तारेत सुमारे १.८ व्होल्ट. म्हणून जाड तार टाकलेली बरी. संगीताची सर्व यंत्रे या एकाच लाइनवर जोडावीत. विजेच्या तारा आणि संकेताच्या तारा समांतर नेऊ नयेत. एकमेकींना ओलांडणे भाग पडल्यास काटकोनात ओलांडाव्यात.

आता महत्त्वाची गोष्ट. दोन यंत्रांचे अर्थिंग दोन वाटांनी गेले की संकेताच्या तारेतून वेटोळे पूर्ण होते आणि ‘घूंऽऽ’ असा आवाज येतो. आपल्याकडे इंग्रजी पद्धतीचे तीन पिनांचे प्लग आहेत आणि युरोपीय पद्धतीचे दोन पिनांचेही. मध्ये दोन पिनांचा अडॅप्टर घातला की अर्थिंग तुटते, आवाज थांबतो आणि काम फत्ते झाले असे वाटते. पण पुढे यंत्रात बिघाड झाला तर त्याच्या धातूच्या पेटीत २३० व्होल्ट उतरू शकतात, आणि बटणाला हात लावणारे कदाचित घरातले मूल असेल. संगीतासाठी अंगणात वेगळी अर्थिंगची सळई ठोकून घराच्या अर्थिंगपासून तोडून ठेवणे हेही तितकेच धोक्याचे आहे. वीज कोसळली की दोन अर्थिंगांमध्ये मोठा दाब उभा राहतो.

तेव्हा काम जाणकार इलेक्ट्रिशियनकडूनच करवून घ्यावे, ३० मिलिअँपिअरला तुटणारा सुरक्षा-स्विच बसवावा, आणि आकाशात गडगडाट होण्यापूर्वीच प्लग काढून ठेवावेत. त्या घटकेपुरते गाणे थांबले तरी चालेल.